कुणालाही न सांगता फर्दापूर

६ डिसेंबर, शनिवार

आजपासून रोजनिशी. कंपनीत ट्रेनिंग झालं. ट्रेनर म्हणाला की यशस्वी माणसं दिवसभराचं लिहून काढतात. मी चितेगावच्या कंपनीत पॅकिंगचा सुपरवायझर आहे, म्हणजे यशस्वी आहेच. फक्त लिहून काढायचं राहिलं होतं.

पहिला संकल्प: नाताळच्या सुट्टीत दीपमालाला हॉटेलात मुक्कामाला न्यायचं.

लग्नाला पंधरा वर्षं झाली, बायको अजून एकदाही हॉटेलात राहिलेली नाय. कारण आमचं घरच हॉटेल आहे. वेरूळ बघायला आलेला, अजिंठा बघायला आलेला, दवाखान्यात दाखवायला आलेला, लग्नाचा बस्ता बांधायला गुलमंडीच्या बाजारात आलेला, सगळा गोतावळा आमच्याकडंच उतरतो. मला याचा अभिमान आहे. दीपमालाला अजून तो वाटायला लागलेला नाय.

आज कप विसळता विसळता म्हणाली की मला काही मोठं नको. एक पांढरी चादर पाहिजे जी मी धुतलेली नाय. सकाळचा चहा दुसऱ्या कुणी आणून द्यावा. अन् पिऊन झाला की कप तिथंच ठेवून मी उठून चालू लागावं. बस्स.

मी म्हणालो, दिला शब्द. ती म्हणाली, बघू. तिच्या त्या "बघू"मध्ये मला लई विश्वास दिसला.

८ डिसेंबर, सोमवार

महाबळेश्वर ठरलं.

महाबळेश्वर रद्द. वाटेत पुणं, पुण्यात मामेभाऊ. न भेटता पुढं गेलो तर मामी रुसणार. भेटलो तर मामी जेवल्याशिवाय सोडणार नाय, जेवलो तर मुक्काम आलाच. चिखलदरा रद्द, अमरावतीत मावशी. लोणार रद्द, मेहकरला साडू. गोव्यात तरी आपलं कुणी नाय म्हणून खुश झालो, तर आई म्हणाली की अरे तुझ्या काकाचा जावई पणजीला बदलून गेला की.

एवढा गोतावळा देशात दुसऱ्या कुणाचा असेल असं वाटत नाय. थकलो, पण हार मानणारा मी नव्हे.

१० डिसेंबर, बुधवार

सापडलं! फर्दापूर!

लेण्यांच्या अगदी जवळ, अन् तिथं आपल्या नात्यातलं एक माणूस नाय. असेल कसं? जो अजिंठ्याला येतो तो आमच्याकडंच उतरतो! एवढं साधं आजपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. प्लॅनिंग म्हणतात ते हेच.

दीपमाला म्हणाली की अहो, आख्ख्या जगाला आपण चहा पाजून जिथं पाठवतो, तिथंच आपण जायचं व्हय? मग मी तिला मोबाईलवर हॉटेलचे फोटो दाखवले. चादरी पांढऱ्या शुभ्र. बराच वेळ बोटांनी फोटो मोठा करून बघत बसली. प्रेरणा, आमची मुलगी, आठवीला आहे, ती स्विमिंग पूल बघून नाचली. आई म्हणाली की मी माझं हंतरूण सोबत घेते. नको म्हणालो.

शेजारीशेजारी दोन खोल्या बुक केल्या. एक आम्हा दोघांना, एक आई अन् प्रेरणाला. रविवारी पोचायचं, सोमवारी आरामात लेणी, मंगळवारी परत. सोमवारी वेरूळ बंद असतं अन् मंगळवारी अजिंठा, हे मला झोपेतून उठवून विचारा. पंधरा वर्षं पाहुण्यांना हेच सांगत आलोय. एकदोघं तिकडून चिडून परत आले होते, पण ती माणसं मुळातच चिडकी.

नियम एकच: कुणालाही सांगायचं नाय.

१४ डिसेंबर, रविवार

गुलमंडीत गेलो. पोहायची चड्डी घ्यायची होती. पोहता येत नाय, पण पूलजवळ उभं राहायचं तर ड्रेस पाहिजे.

दुकानात कडुबादादा भेटला. माझा थोरला चुलतभाऊ, गंगापूरला शेती. पोरांना स्वेटर घ्यायला आला होता. माझ्या हातातली चड्डी बघून म्हणाला की हे काय रं गोकुळ, कुठं घालणार? खोटं बोलणं आपल्या रक्तात नाय. फर्दापूर, हॉटेल, पूल, पांढऱ्या चादरी, तारखा, सगळं सांगितलं. कुणाला सांगू नको असंही बजावलं.

दादा म्हणाला की लेणी बघायची आमची बी लई दिवसांची इच्छा हाय.

मी म्हणालो, या की!

आता "या की" म्हणजे काही आमंत्रण नव्हे. ते तोंडातून आपोआप निघतं. आपण ताटावर असलो अन् दारातून कुणी डोकावला, की आपण "या जेवायला" म्हणतोच. म्हणून तो काय लगेच पाट घेऊन बसतो व्हय? शहाणा माणूस हसतो, "चालू द्या" म्हणतो अन् निघून जातो. आपल्याकडं लहान लेकरालाही हे कळतं.

दादा म्हणाला, चेक-इन किती वाजता?

दादाचा स्वभाव पहिल्यापासून गमत्या. लई हसलो. दीपमालाला सांगितलं नाय, उगाच तिला टेन्शन.

१९ डिसेंबर, शुक्रवार

छोटीशी अडचण. फर्दापूरचा रस्ता सिल्लोडमधून जातो. सिल्लोडात रस्त्याला लागूनच पुतळाआत्याचं घर, अन् आत्या दिवसभर ओट्यावर. तिच्या नजरेतून आजवर ट्रकसुद्धा सुटलेला नाय.

उपाय काढला. गाडीच्या काचा बंद, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, सिल्लोड येताच स्पीड.

आईला पटलं नाय. सख्खी नणंद आहे, तोंड लपवून कशी जाऊ, म्हणाली. मी निदान फोन करून सांगते की आम्ही येणार नाय. मी विचार केला अन् परवानगी दिली. आत्याला रागही येणार नाय अन् आपल्याला रुमालही लागणार नाय. आईचं डोकं कधीकधी माझ्यासारखं चालतं.

२३ डिसेंबर, मंगळवार

आत्याचा फोन. धपाटे किती करू?

मग आत्या गहिवरली. म्हणाली, सारा जन्म सिल्लोडात गेला, परदेशातली माणसं विमानानं येऊन लेणी बघून जात्यात, मी मातर ओट्यावरून त्यांच्या गाड्याच बघती. आता मोठ्या माणसाला काय म्हणायचं असतं? या की, म्हणालो.

दीपमालाला सांगावंच लागलं. ती ब्लाऊज शिवत होती. मशीन जरा जोरात चालली, बाकी काही नाय. थोड्या वेळानं म्हणाली की चादर पांढरीच असंल ना? मी म्हणालो, शंभर टक्के. मग म्हणाली की एक आधीच सांगते, तिथं मी चहा करणार नाय.

मला हसूच आलं. हॉटेलात कशाला कुणी चहा करायला लावतंय! भोळी आहे बिचारी.

२८ डिसेंबर, रविवार, दुपार

पोचलो! खोलीत बसून लिहितोय.

सिल्लोडला आत्या पिशव्या घेऊन रस्त्यावरच उभी होती. धपाटे, ठेचा, दह्याचा डबा, वर चहाची पत्ती, साखर, पातेलं, गाळणं अन् विजेवरची शेगडी. आत्याचं म्हणणं, हॉटेलातला चहा पाणचट असतो. मी म्हणालो, राहू द्या डिकीत, कुठं लागणारंय.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. खोलीचं दार उघडलं अन् दीपमाला पलंगाजवळ नुसती उभी राहिली. चादरीवरून हात फिरवला. मग चपला काढून आडवी झाली, हात पसरून, डोळे मिटून. म्हणाली, कडक हाय हो, इस्त्री केल्यासारखी. मला एकदम भरून आलं. पंधरा वर्षांत तिला दुपारी अशी निवांत झोपलेली मी बघितलीच नव्हती. गोकुळ, तू शब्द पाळलास.

खालून रिसेप्शनचा फोन वाजतोय. बहुतेक वेलकम ड्रिंक.

त्याच दिवशी, संध्याकाळ

वेलकम ड्रिंक नव्हतं. कडुबादादा होता.

सोबत मंजुषावहिनी, दोन्ही पोरं अन् गाडीत गोधड्या. दादा म्हणाला की आम्ही फक्त भेटायला आलोय, उद्या लेणी बघू अन् तसंच गंगापूर. तूच म्हणालास ना या म्हणून? रिसेप्शनवरच्या माणसापुढं मी काय बोलणार? व्हय म्हणालो.

व्यवस्था मी दहा मिनिटांत लावली. पॅकिंगचा अनुभव असा कामी येतो. आत्या आई-प्रेरणाच्या खोलीत. दादाची फॅमिली आमच्या खोलीत. दीपमालाला म्हणालो, जरा उठतेस का, पोरं दमलीत. उठली.

पोरांनी पलंगावर उड्या मारल्या. डिकीतल्या आत्याच्या पिशव्या वर आल्या, धपाटे निघाले. ठेच्याचा डबा कलंडला तो नेमका चादरीच्या मधोमध. दीपमाला त्या डागाकडं बघत राहिली. मी म्हणालो, काळजी करू नको, ही तुला धुवायची नाय. वातावरण हलकं करावं म्हणून म्हणालो.

तेवढ्यात मंजुषावहिनी शेगडी बघून अगदी प्रेमानं म्हणाल्या, दीपमाला, बाई तुझ्या हातचा चहा म्हंजे चहा. टाक की सगळ्यांना.

दीपमालानं आपली बॅग उचलली अन् शेजारच्या खोलीत गेली. जाताना दार हळूच ओढून घेतलं.

राग नव्हता. राग असता तर आपटलं असतं. येईलच पाच मिनिटांत.

२९ डिसेंबर, सोमवार, सकाळ

आली नाय. चहा मी केला. दादा म्हणाला की पाणी जरा जास्त झालं. पहिल्या प्रयत्नाच्या मानानं चांगला होता.

रात्री पलंगावर वहिनी अन् पोरं, खाली गोधडीवर दादा, अन् मी कपाट आणि बाथरूमच्या मधल्या जागेत. पाठीला कडक जमीन चांगली असते.

आता लेणी. आज माझा दिवस. माहिती देणार मीच.

सोमवार, दुपार

लेणी बंद.

फाट्यावरच्या वॉचमननं गाडी अडवली. म्हणाला, आज सोमवार है चाचा, अजिंठा बंद रैता. वेरूळ मंगल कू. मी त्याला नीट समजावून सांगितलं की तुमचं उलटं झालंय. त्यानं बोर्ड दाखवला. मी बोर्ड दोनदा वाचला. बोर्डावरही तेच होतं.

मागच्या सीटवरून आत्या म्हणाली की गोकुळ, मागं सांडूमामा तुझ्याकडून निघून लेण्यांवर गेला अन् तसाच परत आला, तो काय चिडका नव्हता रं. आईनं खिडकीबाहेर बघितलं. दीपमाला मात्र हसली. कालपासून पहिल्यांदा हसली. म्हणजे राग गेला.

दादा म्हणाला की आता एवढं आलोय तर उद्या बघूनच जाऊ, आजचा दिवस खोलीतच काढू. मी काही बोलायच्या आत वहिनींनी शेगडीचा प्लग लावलासुद्धा.

सोमवार, साडेचार

खोलीत चौथा चहा झाला. कप कमी पडले म्हणून रूम सर्व्हिसला फोन केला. त्यांनी विचारलं, खोलीत माणसं किती? मी फोन ठेवला. कप बेसिनमध्ये विसळतोय. एवढ्याशा बेसिनमध्ये सहज विसळायची ट्रिक मला आता जमलीय. दीपमालाला शिकवीन म्हणतो.

खिडकीतून पूल दिसतो. प्रेरणा पाण्यात. काठावर तीन खुर्च्या. आई, दीपमाला अन् पुतळाआत्या. पाणचट चहा न पिणारी आत्या! हॉटेलचा माणूस ट्रे घेऊन आला. दीपमालानं कप घेतला. सावकाश प्यायली, मधे मधे पाण्याकडं बघत. संपल्यावर कप टेबलावर ठेवला, उठली अन् बागेकडं चालू लागली. एकदाही मागं वळून बघितलं नाय. कप तिथंच.

माझ्या हातात तेव्हा साबण होता, म्हणून डोळे पुसता आले नाय. शब्द दिला होता, पाळला. आता फक्त तिच्याजवळ बसून एक कप प्यायचा राहिला. नवीन चड्डी घालून जाऊन बसतोच.

सोमवार, संध्याकाळ

जायला जमलं नाय. पोरांना दूध, मग दादाला पुन्हा चहा. तोवर पूलवरच्या सगळ्या त्यांच्या खोलीत गेल्या.

तरी गेलोच. चड्डी घालून. शेजारचं दार वाजवलं. आतून टीव्हीचा आवाज, प्रेरणाचं खिदळणं, आत्याचं मोठ्यानं हसणं. दीपमालानं दार उघडलं, पण अर्धंच. तिच्या खांद्यावरून पलंग दिसला. चादर पांढरी शुभ्र, एक डाग नाय, एक सुरकुती नाय. वर ट्रे, त्यात चहाची किटली, अन् बाजूला एक मोकळी उशी, अगदी माझ्या मापाची. मी म्हणालो की म्हटलं जरा बसावं तुमच्यात. तिकडं लई गर्दी झालीय.

दीपमालानं मला नीट बघितलं, खाली चड्डीकडंही बघितलं. गोड हसली. एक हात दाराला, दुसरा चौकटीला. तशीच उभी राहून म्हणाली,

या की!

आपल्याकडं लहान लेकरालाही कळतं. मी हसलो. चालू द्या, म्हणालो.

परत आलो. दादानं विचारलं की गोकुळ, चहा टाकतो का? मी पातेलं घासायला घेतलंय.