गोधडीच्या आतलं लुगडं

इब्रामपूर, पेडणे
फेब्रुवारी १९८८

ती. विनूताई,

परवा तू फोंड्याहून आलीस, तेव्हा तुझ्या नातवासाठी शिवलेली गोधडी मी पुढ्यात ठेवली. भेट द्यायलाच शिवली होती. पण तू हात लावायच्या आधीच विचारलंस, "कितले?" बाजारात विकते म्हणून घरातही विकणारीच झाले का मी? रागाच्या भरात दोनशे बोलून गेले.

तू म्हणालीस, "भितर जुनींच लुगडीं मगे? दोनशें कित्याक?" मग मी दीडशे घेतले. तीन महिने खपले होते. टाका बारीक आलाय, एवढं तरी म्हणशील असं वाटलं होतं.

बाळाची पहिली गोधडी घरातल्या थोरल्या बाईच्या लुगड्याची करतात, हे तूच विसरलीस. आई गेल्यापासून तिचं हिरवं लुगडं मी ट्रंकेत जपलं होतं. गोधडीच्या आत तेच आहे. ते मी विकलं, तेही तुला.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस तर रडशील, पण लुगड्यासाठी. टाक्यांवरून हात तेव्हाही फिरवणार नाहीस.

तुझी धाकटी,
सगुणा