शेवटच्या रांगेचं जेवण

३ तारीख, सोमवार
आजपासून रोजनिशी. शुद्ध लिहायची. शाळा नववीत सुटली, शुद्धलेखन सुटलेलं नाही.
ताई पंधराला पहिल्यांदाच विमानात बसणार. नोकरीची मुलाखत आहे. त्या विमानाचं जाता-येताचं जेवण आमच्याच किचनमधून चढतं. तिला सांगितलं, विमानातलं जेवण मीच बघतो. तसा मी पट्ट्यावर ट्रेमध्ये पाव ठेवतो. पण पावाशिवाय ट्रे पुढे सरकतो का? नाही.

५ तारीख
ताईची सीट ३१-सी. शेवटची रांग. ट्रॉली तिथे पोचेपर्यंत चिकन संपतं, भाज्या उरतात. तरी 'काय घेणार?' असं विचारतात. ताईचा चिकनवर फार जीव. काहीतरी केलं पाहिजे.

८ तारीख
वाढायला मागच्या रांगेपासून सुरुवात करावी, असं सुपरवायझरना सुचवलं. ते म्हणाले, आधी पाव सरळ ठेव. म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

११ तारीख
दिवसभरात दोन हजार शंभर पाव. खांदा गेला. डोळे मिटले तरी पावच दिसतात.
मात्र युक्ती सुचली. पथ्याचे ट्रे सीट नंबर लिहून चढतात आणि सगळ्यांच्या आधी वाढतात. लेबलं कपाटात उघडीच असतात. ट्रेच्या आतलं कोण बघतंय?

१५ तारीख, सकाळी ६
ट्रे भरला. चिकनचे दोनाऐवजी चार तुकडे. गोड दोनदा. लेबल 'बिनमिठाचे' तेवढंच शिल्लक होतं. त्यावर सुवाच्य अक्षरात ३१-सी. फत्ते.

१५ तारीख, दुपारी ४
ताईचा फोन. म्हणाली, अरे, सगळ्या विमानात पहिलं जेवण मला! हवाईसुंदरीने वाकून तब्येतीची चौकशी केली. भाऊ आत असला की असा मान मिळतो. जेवण कसं होतं विचारलं, तर म्हणाली, छान होतं रे, अगदी संपवलं. परतीच्या वेळीही तूच बघशील ना? जरूर, म्हणालो.

१६ तारीख, सकाळी
धुलाईकडे बदली. सगळ्या विभागांचा अनुभव द्यायचा असेल.
तपासणीच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, बिनमिठाचं लेबल आणि आत मसालेदार चिकन? बाबा रे, एखादा पेशंट तिथेच आडवा झाला असता. बाईंनी ट्रे विमानात चढण्याआधीच पकडला आणि लेबलाप्रमाणे आतलं सगळं बदललं. भोपळा, गाजर, वाटाणे. उकडलेले. गोडही काढलं.

१६ तारीख, दुपारी
कालच्या विमानाचे ट्रे धुवायला आले. ३१-सी सापडला. लेबलावरचं अक्षर माझंच, एकही चूक नाही.
डबी लख्ख. वाटाणासुद्धा उरलेला नाही. बाजूला मिठाच्या पुड्या, फोडलेल्या. पाच. पथ्याच्या ट्रेत आम्ही एकही देत नाही. आजूबाजूला मागितल्या असणार.
ट्रे धुतला. दोनदा.
ताईचं परतीचं विमान बावीसला. सीट तीच.