डावी कळी

आई, काल दादा आला होता. पेडण्याहून साखळीपर्यंत स्वतः गाडी चालवत आला. जखमेचा पाय आता पावसाळ्यात सुजतो, पण तसं म्हटलेलं त्याला खपत नाही. माझ्या स्वयंपाकघरात मेजाशी बसला, चहात पाव बुडवून खाल्ला आणि सहज विचारावं तसं त्याने एक विचारलं. ते खरं तर तुला विचारायला हवं होतं. तू नाहीस म्हणून उत्तर मला द्यावं लागलं. आयुष्यभर शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, उत्तर द्यायला मी कधी अडखळले नव्हते. काल अडखळले.

मला आधी तो खाडीच्या माशांचा दिवस आठवतो. दादा सातवीत असेल. मळ्यात त्याचा एक सोबती थांबलेला, आणि हा त्याला 'येतां' असं सांगून घरी आलेला. तव्यावर मासळी बघून पानावरच बसला. तू त्याच्या पुढचं ताट उचललंस. "तो थंय वाट पळयता. पयलीं वच, मागीर जेव." दादा रडकुंडीला आला, पण गेला. आपल्या घरातून निघताना 'वतां', म्हणजे जातो, असं म्हणायची बंदी होती. 'येतां' म्हणायचं. ते सगळीकडेच म्हणतात. तुझं वेगळं एवढंच, की एकदा म्हटलं की यायचं. उंबऱ्यावरचा तो नुसता रिवाज आहे असं मी तुला कॉलेजात असताना समजावलं होतं. तू नारळ खवत होतीस. मान वर केली नाहीस.

गोवा राज्य झालं त्याच वर्षी दादाची हेलिकॉप्टरची तुकडी श्रीलंकेत गेली. पुढच्या वर्षी तो पायाला गोळी लागून, काठी टेकत घरी आला. मागोमाग शौर्यपदक जाहीर झालं. तेव्हा गावात भाषेवरून माणसं एकमेकांच्या लग्नाला जात नव्हती. बाबा मराठीच्या बाजूचे, पलीकडच्या वाड्यावरचे कोंकणीच्या. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचा सत्कार दोघांनाही करायचा होता आणि त्याने कोणत्या भाषेत बोलायचं यावर आपल्याच सोप्यावर वाद लागला. तू आतून चहा घेऊन आलीस. "गुळी पायाक लागल्या, जिबेक न्हय. खंयचे भाशेंत उलोवचें तें तो पळयतलो. तुमी च्या घेयात." दोन्ही बाजूंनी निमूट कप उचलले. सत्कार शेवटी कुणीच केला नाही.

बाहेर दादा त्या दिवसाबद्दल बोलत नसे. तुला मात्र त्याने चुलीपुढच्या पाटावर बसून सांगितलं. मी तांदूळ निवडत होते, म्हणून मला ऐकायला मिळालं. शेतात जखमी जवान पडलेले, चारी बाजूंनी गोळीबार. जेवढे मावले तेवढे हेलिकॉप्टरमध्ये घेतले, दोघे राहिले. त्यांना ओरडून सांगितलं, येतो. परत तळावर उतरला तेव्हा पत्र्याला भोकं पडलेली, सोबतचा वैमानिक म्हणाला, आता जाणं म्हणजे मरणं. दादा तुला म्हणाला, "येतां म्हणून सांगिल्लें, आई. मागीर कितें करतलों?" दुसऱ्या फेरीत ते दोघे आले आणि गोळीही आली. तू विस्तव नसताना चुलीत फुंकत राहिलीस.

पाय भरत आला तेव्हा वरिष्ठांनी त्याच्यावर सोपवलं होतं. हवं तर शिकवण्याचं काम घेऊन जमिनीवर राहा, हवं तर तुकडीकडे परत जा. तुला तो जमिनीवर हवा होता. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "आतां पुरो. देवीक विचारतां. ती सांगत तशें करतलो?" दादा म्हणाला, "करतां." आणि तो शब्द फिरवणार नाही हे आपण तिघंही जाणत होतो.

सकाळी आपण देवळात गेलो. दादाला पायऱ्या चढवेनात, तो खालीच दीपस्तंभाच्या कट्ट्यावर टेकला. वर जायच्या आधी तू त्याला तिकडे राहिलेल्या तुकडीतल्यांविषयी विचारलंस, "येवपाचे वेळार थंयच्यांक कितें म्हणलें तुवें?" तो हसला. "कितें म्हणटलों? येतां म्हणलें." तू पदर सारखा केलास आणि पायऱ्या चढलीस. भटजींनी देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या; ज्या बाजूची आधी पडेल तो देवीचा कौल. तू गाऱ्हाणं घातलंस, बाय माझे, भुरग्यान परत वचचें जाल्यार उजवो दी, घरा रावचें जाल्यार डावो दी. समईची वात चुरचुरत होती. मी बीएस्सी झालेली मुलगी, ओल्या कळीचं वजन आणि पाण्याचा चिकटपणा यांचा विचार करत उभी होते, आणि तरी माझे तळवे घामेजले होते. कळी पडली. भटजी हलक्या आवाजात म्हणाले, "डावो गे, बाय." तुला हवा होता तोच कौल, घरी राहण्याचा.

तू हात जोडलेस. खूप वेळ जोडलेस. मग खाली आलीस आणि दादाला म्हणालीस, "देवीन उजवो दिलो. वच."

घरी परतताना दादा मागे पडला तेव्हा तू मला विचारलंस, "तुका कितें दिसलें?" मी म्हटलं, "डावी कळी." "बरें. आतां तोंड धांप."

त्या दिवसापासून तू केसांत फूल माळलं नाहीस. बाबा असताना, भरल्या घरात. शेजारणी विचारू लागल्या तेव्हा तू सांगितलंस, वास सोसत नाही, डोकं चढतं. आबोलीला वास नसतो, आई. एवढं तरी बरं खोटं शोधायचंस. पण तुला सवयच नव्हती. दादा लढाईवरून सुखरूप आला, तुझ्यासाठी म्हापशाच्या बाजारातून आबोलीचा भला मोठा गजरा, वळेसर, घेऊन आला. तू तो दोन्ही हातांत धरलास, डोळ्यांना लावलास आणि देवीला पाठवून दिलास. तो हिरमुसला. मला सगळं ठाऊक होतं, पण मी तोंड झाकून होते.

काल त्याने विचारलं, "त्या दिसा उजवोच दिल्लो मगो देवीन?" चहाचा कप त्याच्या हातात तसाच होता. म्हातारपणी माणसाला असं काहीतरी आठवतं. मी शेगडी पुसत होते. पुसलेली जागा पुन्हा पुसली आणि म्हणाले, "उजवा." त्याने मान डोलावली. निघताना फाटकाशी थांबून म्हणाला, "येतां." मी म्हटलं, "ये."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे मला कळतं. कौलावर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. पण परसातली आबोली आज भरून फुलली आहे, रोज सकाळी मी दोन फुलं अंबाड्यात खोवते, आणि आज परडी घेऊन गेले ती तशीच रिकामी घेऊन घरात आले.