बॉक्सिंग डेला मी पडणार नाही

१४ नोव्हेंबर
संतापानं पेन दाबून लिहितोय, म्हणून अक्षर असं. सत्तावीस वर्षं बॉक्सिंग डेच्या, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशीच्या, गावच्या नाटकात सेंट जॉर्ज मी करतोय. आज मीटिंगमध्ये तो काढून घेतला. मीटिंग क्लाइव्हच्या पबमध्ये, आणि बिअर माझ्याकडून! मतं सहा विरुद्ध एक.
कारण काय, तर गेल्या वर्षी माझी लाकडी तलवार क्लाइव्हच्या चष्म्याला लागली. तो नाटकात डॉक्टर असतो. लढाई चालू असताना डॉक्टरनं इतकं जवळ यायचंच कशाला? शिवाय म्हणे मी भाषण विसरलो. विसरलो नव्हतो. प्रेक्षकांकडे रोखून बघत होतो. त्याला पॉज म्हणतात. जरा लांबला, एवढंच.

१५ नोव्हेंबर
नवा सेंट जॉर्ज म्हणजे ब्रॉनवेन. आमची पोस्टवाली. बाई आहे याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी जुनाट माणूस नाही. पण ती वेल्सची आहे! वेल्सच्या झेंड्यावर ड्रॅगन असतो, आणि सेंट जॉर्ज म्हणजे ड्रॅगन मारणारा इंग्लंडचा संत. म्हणजे ज्याला मारायचं त्यालाच जॉर्ज केलं. क्लाइव्हला हे ऐकवलं तर म्हणाला, "आपल्या नाटकात ड्रॅगन नाहीच आहे, नॉर्मन. आणि तिचं पाठांतर पक्कं आहे."
मला दिलाय स्लॅशर. येतो, बढाया मारतो, जॉर्जच्या हातून मरतो. मग डॉक्टर बाटलीतलं औषध पाजतो आणि स्लॅशर टुणकन उठतो. टाळ्या डॉक्टरला.
राजीनामा लिहिला.

१६ नोव्हेंबर
राजीनामा दिला नाही. त्यांना तेच हवंय.
ते एक मत कोणाचं, याचा विचार करतोय. हात मीही वर केला होता, पण तो मोजला नसणार. उमेदवाराचा कसा मोजतील? म्हणजे हिलरीच. कपडेपट तिच्याकडे, म्हणून तिला मत आहे. मी तेव्हा क्लाइव्हकडे खाऊ की गिळू असा बघत होतो, त्यामुळे तिचा हात दिसला नाही. पण बायको शेवटी बायको. आभार मानले नाहीत. अशा गोष्टी बोलायच्या नसतात.

२३ नोव्हेंबर
आज नाताळचं पुडिंग ढवळायचा रविवार. ढवळताना प्रत्येकानं मनात काहीतरी मागायचं असतं. मी पळी फिरवून मनात इच्छा धरली, ब्रॉनवेनचा घसा बसू दे. हिलरी म्हणाली, "हळू रे, बेदाण्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" तिनं काय मागितलं ते सांगेना. माझ्या गुडघ्याकडे बघत होती.

३० नोव्हेंबर
सुचलं! मी मरणारच नाही.
ती तलवार खुपसेल, मी लढत राहीन. ती पुन्हा खुपसेल, मी हसेन. पोरगी पहाटेपासून टपाल टाकत हिंडते, दमेल. शेवटी तलवार टाकेल. मग सगळं गावच विचारेल, खरा जॉर्ज यातला कोण?
आजपासून रोज तीस उठाबशा.

१ डिसेंबर
दोन काढल्या. हवा फार गार आहे. उन्हाळ्यात बघू.

६ डिसेंबर
तालीम. मी पडलो नाही. म्हटलं, फरशीवर उगाच दोनदा कशाला, त्या दिवशीच पडेन. ब्रॉनवेन म्हणाली, "काही हरकत नाही, नॉर्मन, तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा." फारच गोड बोलते. गेल्या आठवड्यात माझं बागकामाचं मासिक ओलं करून टाकलंन, ते मी विसरलेलो नाही.
घरी हिलरीचं सुरू. "पडायचं सोड, उठायची प्रॅक्टिस कर." उठायला कसली आलीये प्रॅक्टिस? रोज सकाळी उठतो की! पलंगाची दांडी धरतो खरा, पण ती तिथे असतेच म्हणून.

१४ डिसेंबर
हिलरीनं मला न विचारता गुडघ्यासाठी दवाखान्याची वेळ घेतली. मी फोन करून रद्द केली. खूप भांडलो. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. जिना मी पाठमोरा उतरतो तो गालिच्यामुळे.

२५ डिसेंबर
टर्की कोरडी. जेवणाच्या टेबलावरचा क्रॅकर, ती फट्कन फुटणारी कागदी नळी, दोघांनी ओढला तर माझ्या वाट्याला आतला कागदी मुकुट आला, सोनेरी. क्लाइव्हनं बघायला हवा होता. मुकुट घालूनच झोपणार आहे.

२६ डिसेंबर, दुपार
पबच्या अंगणात गाव लोटलेलं. घसा बसला नव्हता ब्रॉनवेनचा. खणखणीत बोलली, नालायक.
लढाई लागली. पहिला वार मी हसून झटकला. लोक हसले. दुसराही झटकला. ब्रॉनवेननं डोळे वटारले. क्लाइव्ह बाटली घेऊन कडेला उभा होता, तो पुटपुटला, "मर ना आता, नॉर्मन, थंडी वाजतेय." माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याला चांगलं सुनवावं म्हणून गर्रकन वळलो आणि गुडघा गेला.
धाडकन पडलो. लोक म्हणाले, वा! इतकं झकास मरण या अंगणात कोणी मेलं नव्हतं.
क्लाइव्हनं तोंडात बाटलीतला गार चहा ओतला आणि त्याचं वाक्य म्हटलं, "ऊठ गड्या, पुन्हा लढ!"
मी उठलो नाही.
त्यानं परत म्हटलं. लोक पोट धरून हसायला लागले. मी बाजूला वळून पाहिलं, कोपरावर जोर देऊन पाहिलं. पाय माझा नव्हताच. आभाळ पांढरं होतं आणि मला भीती वाटली. खरंच वाटली.
गर्दीतून हिलरी पुढे येताना दिसली. ती हसत नव्हती. तिच्याआधी ब्रॉनवेन वाकली, माझ्या काखेत हात घातला आणि कानात म्हणाली, "सगळा भार टाका माझ्यावर. मी रोज पार्सलं उचलते. लोकांना वाटेल, ठरवूनच केलंय." एका झटक्यात उभं केलंन मला. आम्ही दोघांनी वाकून नमस्कार केला. सोडलं नाही तिनं, गाडीपर्यंत.
टाळ्या थांबेनात.

२७ डिसेंबर
पाय उशीवर, सोफ्यात. क्लाइव्हचा फोन आला. देणगीच्या पेटीत कधी नव्हे इतके पैसे जमले, पुढच्या वर्षीही तसंच मर म्हणतोय. म्हणजे अभिनय होता अशीच समजूत आहे. राहू दे. एका अर्थी होताच. पुढच्या वर्षी दोनदा मरायची अट घालणार आहे.
मन मोठं करून हिलरीला म्हटलं, त्या दिवशी तू एकटी माझ्या बाजूनं उभी राहिलीस, ते मी विसरणार नाही. ती विणत होती. वर न बघता म्हणाली, "ते तुझंच मत होतं, नॉर्मन. मी ब्रॉनवेनला दिलं. तिचं नावसुद्धा मीच सुचवलं. जिन्यात तू कसा कण्हतोस ते मला रोज ऐकू येतं. तलवार घेऊन धावताना तुला बघवत नव्हतं मला."
स्वतःची बायको! असा संताप जन्मात आला नव्हता. आता या घरात एक क्षण बसायचं नाही, ताडकन उठायचं, दार आपटून बाहेर पडायचं, असं ठरवलं.
तिला म्हटलं, जरा हात दे.