आमिष किती खोल होते

बाबा, तुम्हाला लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. घरी मी तुम्हाला ‘तू’च म्हणत असे, कागदावर मात्र ते धजवत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, आणि आज वेसाव्याच्या खाडीबाहेर, काकाच्या होडीत, मी तुमची चूक पाहिली.

तुमचे माप काका आजही पाळतो. चालत्या होडीमागे सोळा वाव, म्हणजे सोळा वेळा दोन्ही हात पसरून मोजलेली, दोरी सोडायची, ती पाण्यात किती तिरपी शिरते ते पंजा आडवा धरून पाहायचे, तिरपेपणा ठरल्याएवढा भरला की लांबी निम्मी करायची, म्हणजे आमिष आठ वाव खोल. शाळेत असताना तुम्ही मला एकदाच बरोबर नेलेत. माझा पंजा दोरीपाशी धरून म्हणालात, “बघ गो, तुझ्या पुस्तकात हाय का ह्यो?” होते, बाबा. घरी येऊन मी तीस अंशांचा काटकोन त्रिकोण काढला आणि उत्तर आठच आले. त्यानंतर तुम्ही चुकू शकाल असे माझ्या मनात कधी आलेच नाही. सुरमई मात्र गळाला लागेना. “ह्याचा पायच वाईट,” असे म्हणत लोक बंदरावर तुमच्या तोंडावर पायगुणाला दोष देत. खलाशी सोडून गेले, होडी विकली गेली, आणि शेवटच्या आजारात तुम्ही आईला म्हणालात, “दर्यानं मला टाकला.” तेच मनात धरून तुम्ही गेलात.

आता काकाही रिकामा परततो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून खोली नोंदवणारे बोटाएवढे यंत्र मागून आणून मी आज आमिषाशेजारी बांधले. काका हसला; थोरला भाऊ म्हणून तुम्हाला तो अजून दादूसच म्हणतो. “दादूसच्या मापाची परीक्षा घेतंस? पेपर कोण तपासणार, तूच?” यंत्र वर आले तेव्हा आकडा चार वावांचा होता. पुन्हा सोडले, पुन्हा चार. यंत्रच बिघडले असावे म्हणून होडी थांबवून ते सरळ खाली सोडले, तर दोरीवरच्या खुणांशी ते अचूक जुळले. मग माझे लक्ष दोरी खाली ओढणाऱ्या शिशाच्या वजनाकडे गेले. सुरमई शिशाला बुजते म्हणून तुम्ही ते आमिषापासून लांब, दोरीच्या मध्यावर बांधत होतात; काकाही तसेच बांधतो. शिशापर्यंतची दोरी तिरपी उतरते. पुढची मात्र होडीच्या वेगाने जवळजवळ आडवीच ओढली जाते. तुम्ही ती सगळीच तिरपी धरलीत. काकाच्या फिश फाइंडरवर, पाण्याखालचे दाखवणाऱ्या पडद्यावर, मासळी आठ वावांवर दिसत होती. ती तुमच्याही वेळी तिथेच असणार, आणि तुमचे आमिष तिच्या डोक्यावरून जात राहिले.

मी यंत्र सोडवू लागले. सांगावे तर काकाला सुरमई मिळेल, पण त्याच्याकडे भावाचे म्हणून उरलेले ते एकच माप जाईल. त्यानेच विचारले, “काय गो, नापास झालो का आम्ही?” मग मी शिशापासून सगळे सांगितले. त्याने इंजिन बंद केले. दोरी ओढून शिसे हातात घेतले.

“म्हंजे माप वाईट होता,” तो म्हणाला. “पाय नाय?”

“पाय नाही, काका.”

“दादूसचा पाय नाय!” तो ओरडला, आणि डोळे पुसत हसू लागला. खाली मासळी होती, शिसे आमिषाकडे सरकवले की झाले असते. पण त्याने होडी बंदराकडे वळवली. जेट्टीवर जो भेटेल त्याला तो सांगत सुटला, “दादूस चुकला होता रे! नुसता चुकला होता!” इतका आनंद मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, आणि मला तिथे उभे राहवेना.

हे पत्र पाठवण्यासारखे नाही, म्हणूनच लिहिते: तुम्ही कमनशिबी होतात, हे मला इतकी वर्षे चालले होते, बाबा. तुम्ही चुकला होतात, हे अजून चालत नाही.