देवाजीभाऊ, कुऱ्हाड न्यायची होतीस

देवाजीभाऊ,

तुला जाऊन वर्ष होत आलं आणि गावात तुझ्या मरणाच्या भलत्याच गोष्टी तयार झाल्यात. कोणी म्हणतं वाघानं नेलं, कोणी म्हणतं रानानं झपाटलं. परवा पानठेल्यावर एकानं तर मी तुला टाकून पळालो असं सांगितलं, मी तिथंच उभा असताना! भांडलो नाही. पण घरी येऊन वाटलं, जे झालं ते निदान तुला तरी सांगावं. शेवटचं तुला तरी कुठं ठाऊक आहे?

तुझ्याबरोबर शिकारीला जायचं म्हणजे आधी तुझी झडती! माझी थैली तू अंगणात उलटी करायचास. "दुसरी चादर कशाले? गंज कशाले? वरातीले चाललास का बे?" तांदूळ काढून तू भाजलेले चणे आणि सुकी मासळी बांधायचास. रांधायचं नाही, म्हणजे गंज-भांडं नको, धूर नको. धूर नाही तर जंगलाचा गार्डही येत नाही. शिकारीला बंदी होती, पण डुकरं आपलं धान लोळवतच होती ना!

"जाताना जेवढं कमी नेशीन, येताना तेवढं मटन आनशीन," असं तू म्हणायचास. खरंच होतं ते. तुझ्यामुळेच मी दिवसच्या दिवस रान तुडवू शकलो.

पण त्या शेवटच्या वेळी तू हद्द केलीस. पाण्याचा मोठा डबाही घरी ठेवलास. दोघांत पाण्याला एकच भोपळ्याचा तुंबा! यमुनावहिनी दारातून म्हणाल्या, "औंदा नाले लवकर आटले म्हनतेत."

"रेतीत झिरा खोदला का पानी लागतेच," तू म्हणालास आणि चालायला लागलास. बाईमाणसाचं कधी ऐकलंस का रे तू?

मला ते रान पहिल्या दिवसापासून बरं वाटलं नाही. मोहाच्या झाडांखाली फुलं सडत होती, पण खायला माकड नाही, पाखरू नाही. नाल्यात आपण कंबरभर खोदलं. कोरडी रेती! शेजारी कोणीतरी आधीच खड्डे केले होते. त्यात नखांचे लांब ओरखडे होते.

"अस्वल," मी म्हणालो.

"त्यालेही तहान लागली असन," तू म्हणालास. हसला नाहीस.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा तुंबा रिकामा होता. "टेकडीमागच्या बोडीत पानी असन. तू इथी डुकराच्या वाटेवर बंदूक घेऊन बस."

"कुऱ्हाड तरी घे, भाऊ."

"तिचं वझं काऊन नेऊ? पानी आनाले चाललो, लाकडं तोडाले नाई."

मी बसलो. ऊन वर आलं. मग टेकडीमागून तुझी एकच हाक आली, अर्धी.

धावलो. बोडीच्या, त्या आटलेल्या तळ्याच्या चिखलात तू पडला होतास आणि ते अस्वल तुझ्याजवळ उभं होतं. मी हवेत बार काढला. ते बांबूत गेलं, पण पळालं नाही, सावकाश गेलं. तुझ्या तोंडाचं मी काही लिहीत नाही. वहिनींनाही सांगितलं नाही. तू पाणी मागत होतास. दुपट्ट्यात चिखल पिळून थेंब थेंब तुझ्या तोंडात सोडला.

मग थैल्या, चादर, बंदूक, सगळं तिथंच टाकलं आणि तुला पाठीवर घेतलं. मागं वाळलेली पानं वाजत होती. मी थांबलो की थांबायची, चाललो की वाजायची. तुला ऐकू येत होतं का रे?

"मले ठेव शालिक. तू जा."

"चूप बस, भाऊ."

"जड होऊन राह्यलो ना मी?"

"नाई."

खोटं बोललो. तू फार जड होतास.

नाक्यावरच्या गार्डनं तुला पाहिलं. शिकारीचं काही विचारलं नाही, स्वतःची बैलगाडी जुंपली. गाडीत तू म्हणालास, "सडक आली का?" मी म्हणालो, आली. तेवढं ऐकून तू मान टाकलीस. सडक अजून लांब होती.

आता ऐक. मोहफूल पुन्हा पडायला लागलंय. गावालगतच्या झाडांवर तसलेच ओरखडे मी कालच पाहिले. यमुनावहिनी उद्यापासून तुझ्या दोन्ही पोरींना घेऊन वेचायला जाणार. मी म्हटलं, "नका जाऊ." त्या म्हणाल्या, "मंग खाऊ काय, भाऊजी?"

तेव्हा शब्द देतो. मोहफूल सरेपर्यंत रोज त्यांच्यापुढं मी चालेन, एका हातात पेटता टेंभा, दुसऱ्यात वाजवायला टिन. येताना सर्वांच्या मागं राहीन. पानं वाजली तर पोरींना वळू देणार नाही. वळून मी बघेन.

तुझाच,
शालिक