घाटासाठी टर्बो

२ फेब्रुवारी

घाटातल्या मधल्या वळणावर त्याने मागून धडक दिली. पहिली हलकीच होती. मला वाटलं, कोणाचा तरी ब्रेक नीट लागला नाही. दुसऱ्या धडकेला धाकटीचं कपाळ पुढच्या काचेवर आपटलं. मी दुसऱ्या गिअरमध्ये, पाय तळापर्यंत दाबलेला, आणि माझी गाडी नुसती धापा टाकतेय. दोघी बहिणी आणि एक बॅग — एवढंही तिला ओढवेना!

त्याने जीप पुढे काढून आडवी घातली. उतरला. घाई अजिबात नव्हती त्याला. दार उघडलं, धाकटीला केसांना धरून बाहेर काढलं आणि डांबरावरून फरपटत जीपपर्यंत नेलं. मी मध्ये पडले तर कोपर तोंडावर. एक दात हलतोय. जाता जाता मला म्हणाला, "ताई, गाडी शिकवणं वेगळं, पळवणं वेगळं."

ताई म्हणतो मला. सख्ख्या बहिणीचा नवरा!

५ फेब्रुवारी

चौकीत गेले. अंमलदाराने अर्धं लिहून घेतलं, नवऱ्याचं नाव ऐकल्यावर पेनाला टोपण लावलं. नवरा-बायकोचा मामला आहे म्हणे, शांत डोक्याने घ्या. चौकीच्या नव्या भिंतीला खडी कोणाच्या खाणीतून आली, ते मला विचारा.

घरी बाबांचं तेच. जावईबापू तापट आहेत, पण मनाने वाईट नाहीत. हातातलं ताट मी भिंतीवर भिरकावलं. आमटीचा ओघळ तसाच आहे. पुसणार नाही. बघू देत रोज.

९ फेब्रुवारी

सारखा तोच विचार. तिचं घर घाटाच्या पायथ्याशी. बाहेर पडायला एकच रस्ता, तो वर चढत आमच्या गावाकडे येतो. सपाटीवर मी त्याच्या बापालाही हात लागू देणार नाही. एवढी वर्षं लोकांना गाडी शिकवतेय. पण चढावर हातातली कला काय कामाची? तिथे जोर लागतो. त्याच्या जीपला टर्बो आहे, माझ्या गाडीला नाही. बस, एवढाच फरक. एवढ्यासाठी माझी बहीण तिथे मार खातेय.

मग बसवायचा टर्बो.

इंजिनातून सुटणाऱ्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. नवा घ्यायचा तर गाडी विकावी लागेल. म्हणजे भंगार.

१४ फेब्रुवारी

मिळाला! एका लहान डिझेल व्हॅनचा. व्हॅन पुढून पार चेपलेली, सीटवरचे डाग कोणी धुतले नव्हते. भंगारवाला म्हणाला, चालवणारा जागीच गेला, इंजिनाला मात्र खरचटलंही नाही. मी दांडा हलवून पाहिला. फारसा ढिला नव्हता. चक्राची पाती शाबूत.

येताना तो मांडीवर घेऊन बसले होते रिक्षात. जड, गार. त्याने एखाद्याचं डोकं सहज फुटेल, असं मनात आलं. आलं तर आलं.

२० फेब्रुवारी

टर्बो घेऊन लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याकडे गेले. तो आधी हसला. मग गंभीर झाला. त्याचं म्हणणं, हे इंजिन टर्बोसाठी बनलेलंच नाही. हवा जास्त कोंबली तर आतल्या आत स्फोट होतील, पिस्टन फुटेल. मी म्हटलं, मला शर्यत लावायची नाही, एक घाट चढायचाय, एकदाच. त्याने माझ्या ओठावरच्या खुणेकडे पाहिलं आणि कागद-पेन्सिल पुढे ओढली.

ठरलं असं — हवेचा दाब कमी ठेवायचा. इंजिनाच्या हेडखाली जाड गॅस्केट, म्हणजे आतला दाब उतरेल. पेट्रोल जास्त फवारणारे इंजेक्टर, तेही भंगारातलेच. टर्बोचं तोंड आणि माझ्या इंजिनाचं तोंड जुळत नाही, मधला जोड तो लोखंडातून कातून देणार.

३ मार्च

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून धाकटी भेटायला आली. म्हणजे त्याने आणली. तो खाली जीपमध्ये, हॉर्न वाजवत. मी तिला स्वयंपाकघरात घेतलं, सगळं सांगितलं. ती नको म्हणाली. नकोच म्हणत राहिली, भांडी विसळत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिचा दंड धरून तिला गदागदा हलवलं.

ती ओरडली नाही. हातही सोडवला नाही. अंग सैल सोडून डोळे मिटून घेतले, जणू आता थोडा वेळ हे चालेल आणि मग थांबेल. दंड माझ्या बोटांखाली आधीच निळा होता.

मी हात काढला. पुढे बराच वेळ माझे हात कुठे ठेवावेत तेच कळेना.

निघताना तीच दारात थांबली. "ताई, गाडी खरंच चढेल? नाही चढली तर या वेळी तो मला जिवंत ठेवणार नाही."

मी चढेल म्हणाले. टर्बो अजून रॉकेलच्या डब्यात भिजतोय!

११ मार्च

बाबांनी घात केला. वाईट हेतूने नाही — तेच तर जास्त लागतं. जावईबापूंनी डोळ्याची चौकशी करायला फोन केला, हे खुशीत आले आणि म्हणाले, आमची थोरली लेथवाल्याकडे गाडीला काहीतरी बसवून घेतेय, आता तुमच्या जीपलासुद्धा मागे टाकेल.

तो दुपारी लेथवाल्याच्या शेडमध्ये गेला. सोबत खाणीवरचे दोघं. आधी माझ्या गाडीची पुढची काच, मग दिवे, मग बॉनेटवर घणाचे घाव. लेथवाला आडवा आला तर त्याचा उजवा हात टेबलावरच्या शिकंज्यात घातला आणि दांडा पिळत गेला. हाडं मोडल्याचा आवाज शेजारच्या पंक्चरवाल्यापर्यंत गेला म्हणे. कोणी बाहेर आलं नाही.

आणि ज्याच्यासाठी आला, तो टर्बो टेबलाखाली डब्यातच होता. त्याला ओळखताच आला नाही.

१२ मार्च

दवाखान्यात गेले. लेथवाल्याच्या बायकोने मला आत जाऊ दिलं नाही. म्हणाली, तुझ्या बहिणीचा संसार सावरायला माझ्याच नवऱ्याचा हात मिळाला का? मी मान खाली घालून ऐकलं. तिचं काय चुकलं?

संध्याकाळी त्याच्या भावाने शेडला कुलूप लावलं. माझी फुटकी गाडी रस्त्यावर, टर्बो आणि कातलेला जोड पोत्यात. जोड पूर्ण झालेला होता. कडासुद्धा घासलेल्या.

२६ मार्च

एकटीने चाललंय. काच आणि दिवे भंगारातून आणून बसवले. अंगणात ताडपत्री टाकून गाडीखाली झोपते. टर्बोला तेल पोचवायची नळी झाली. तेल परत यायला इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला भोक पाडायचं होतं — ड्रिल सटकलं आणि अंगठ्याच्या पेरात घुसलं. रक्त आणि तेल एकाच ताटलीत.

घण वापरावा लागतो तेव्हा मला फार बरं वाटतं. वाकलेलं बॉनेट सरळ करताना एकेक घाव त्याच्या तोंडावर मारला. बाबा खिडकीतून बघत होते. त्यांना एका डोळ्याने तरी आता नीट दिसत असेल.

४ एप्रिल

सुरू झाली! शिट्टी ऐकली! पाय दाबला की आधी काहीच नाही, मग पाठीत कोणी लाथ घातल्यासारखी उसळते.

गावाबाहेर पोचताच रबरी नळी धाडकन उडाली. ती बसवली तोवर तेलाचा जोड गळायला लागला, तापून लाल झालेल्या टर्बोवर थेंब पडले आणि भडका! गोणपाटाने विझवला. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. कातडी मोज्यासारखी निघाली.

नळ्यांना दुहेरी पट्ट्या लावायच्या. जोड बदलायचा.

९ एप्रिल

शिकवणी बंद ठेवावी लागतेय. शिकायला येणाऱ्या निवृत्त मास्तरांनी काल पाय अंमळ जास्त दाबला, टर्बो जागा झाला आणि आम्ही दुधाच्या टपरीत शिरता शिरता राहिलो. माझ्या पायाशी जादा ब्रेक आहे म्हणून वाचलो. मास्तर म्हणाले, मॅडम, यापेक्षा आमची सायकल बरी. कित्येक दिवसांनी हसले.

१३ एप्रिल

एकटी घाट चढून आले, गाडीत दगडांची पोती भरून. तिसऱ्या गिअरमध्ये! काटा तापाकडे जातो, पण माथा येईपर्यंत टिकते. इंजिनातून खडखड ऐकू आली की पाय किंचित उचलायचा. जमतं.

धाकटीने शेजारणीच्या फोनवरून निरोप दिला. गुरुवारी दुपारी. तो जेवून झोपतो तेव्हा. दाराशी येऊन दोनदा हॉर्न वाजव, म्हणाली — हॉर्नने तो उठेल, ते माहीत आहे, पण मला दुसरं कसं कळणार?

म्हणजे तो मागे येणार. येऊ दे.

१७ एप्रिल

झालं. 

जीप अंगणात उभी होती. दोनदा हॉर्न दिला. कोणीच येईना. पुन्हा दिला. पायाखाली लोखंडी दांडा ठेवला होता, तो हातात घेतला. तिचा नवरा दारात आला असता तर मी उतरलेच असते. मग धाकटी बाहेर आली. अनवाणी, हातात काही नाही. दार बाहेरून ओढून घेतलं, कडी लावली, येऊन बसली. "चल."

खाणीसमोरून गेले तेव्हा दोन माणसं बघत राहिली. घाट लागला आणि मी पाय दाबला. ती शिट्टी! ते उसळणं! झाडं मागे फेकली जात होती. मी सारखी आरशात बघत होते. प्रत्येक वळणावर वाटे, आता जीपचं नाक दिसेल. मधलं वळण आलं, मी दात आवळले, तिथे तर पायच उचलला नाही. इंजिन खडखडत होतं. फुटलं तर फुटू दे. धाकटी समोर बघत बसलेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिने.

माथ्यावर गाडी थांबवली. बॉनेटमधून वाफ. खाली सगळा रस्ता दिसत होता — रिकामा! मी स्टिअरिंगवर मुठी आपटत ओरडले, हरला, हरला मेला! हसले की रडले कोण जाणे. धाकटीने पाणी मागितलं.

बाबांनी स्वतःचा पलंग तिला दिला. जावईबापूंचं नाव काढलं नाही. ती लगेच झोपली. मी दाराला कपाट लावलंय. दांडा जवळ आहे. अजून आला नाही.

१८ एप्रिल

सकाळी खाणीवरच्या मुकादमाचा फोन आला, बाबांना. जावईबापू स्वयंपाकघरात पडलेले सापडले. गेले. डोक्यावर दोन घाव, शेजारी इस्त्री. पोलीस घाट चढून इकडेच यायला निघालेत.

धाकटी चहा पीत होती. तिने सगळं ऐकलं, कप खाली ठेवला नाही. म्हणाली, मीच मारलं, काल, जेवताना. कुठेही जायचं नाही असं म्हणत तो तिचे पाय तोडायला उठला होता.

म्हणजे घाटभर मागे कोणीच नव्हतं. मी विचारलं, मग मी हॉर्न दिला तेव्हा तो मेलेला होता का?

"नाही," ती म्हणाली. "तुझा हॉर्न ऐकून त्याने डोळे उघडले होते."